उलट्या चोचीच्या पक्ष्यापायी

होडी वाहून चालली होती, होडीवाला तिच्यात झोपला होता, तिचा दोर माझ्याजवळ होता आणि त्या दोरावर माझी साडी वाळत होती.

मी यमुनेच्या मधोमध, वाळूच्या एका बेटावर उभी होते. अंगावर पोलकं, लाल परकर आणि सुनेचं खाकी जाकीट. माझ्या पुढ्यात आमचे हे वाळूत पालथे पडले होते. एक डोळा मिटलेला, दुसरा कॅमेऱ्याला चिकटलेला. आणि ह्यांच्या पुढ्यात, घोटाभर पाण्यात, तो उलट्या चोचीचा पक्षी चालत होता, ज्याच्यापायी अख्खा हिवाळा आमच्या घरात दुसरा विषय नव्हता.

"अहो!" मी दबक्या आवाजात म्हटलं.

"शू!"

"अहो, होडी चालली!"

"नंतर!"

लग्न झाल्यापासून मी हे 'नंतर' ऐकतेय. नळ गळतोय, नंतर. गॅस संपत आलाय, नंतर. पण नळ आपल्या जागी राहून गळतो. होडी जागेवर राहत नाही!

मी चौथी शिकलेली बाई. मला गोष्ट फिरवून फिरवून सांगता येत नाही. तेव्हा आम्ही त्या बेटावर कसे जाऊन पडलो ते सरळ सांगते.

आमचे हे केंद्र सरकारच्या एका कचेरीत होते. लग्न करून मी साताऱ्याकडून दिल्लीला आले ती इथेच राहिले. आता मयूर विहारला सोसायटीच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघं, मुलगा आणि सून केतकी. मुलगा कायम फिरतीवर. त्यामुळे घरात माणसं तीन आणि हुकूम एकटीचा, केतकीचा. ती नोएडाला एका कंपनीत मॅनेजर आहे. घरी आली तरी ते उतरत नाही.

रिटायर झालेल्या पुरुषाला काहीतरी उद्योग लागतोच. आमच्या सोसायटीत कुणी योगासनं करतं, कुणी पार्किंगवरून भांडतं. ह्यांनी कॅमेरा घेतला. त्याला पुढे दुधीएवढं नळकांडं. ते गळ्यात अडकवून हे सकाळी निघाले की मला वाटायचं, कुठल्यातरी शेतावर फवारणीला चाललेत.

सोसायटीत सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा एक पक्षी बघणारा ग्रुप आहे. मोबाईलवर रोज फोटो टाकतात. त्यांचे म्होरके चतुर्वेदीजी. माणूस वाईट नाही, पण त्यांनी 'हो' म्हटल्याशिवाय कावळासुद्धा कावळा ठरत नाही. थंडीच्या सुरुवातीला ह्यांना नदीकाठावरून लांब त्या बेटाजवळ एक पक्षी दिसला. काळा-पांढरा, काठीसारखे पाय आणि चोच शेवटी वर वळलेली. असा पक्षी आपल्या भागात ग्रुपमधल्या कुणीच पाहिला नव्हता. ह्यांनी घाईघाईत फोटो काढला आणि टाकला.

फोटोत काय आलं होतं? राखाडी पाणी आणि एक पांढरा ठिपका.

चतुर्वेदीजींनी लिहिलं, "भाईसाहब, ये तो पॉलिथीन है."

खाली सगळ्यांनी हसरी तोंडं लावली. बरं, हसले आणि विसरले असते तर ठीक होतं. पण ह्यांनी साधा बुलबुल टाकला तरी खाली कुणीतरी विचारायचं, "पॉलिथीन तो नहीं?" लिफ्टमध्ये भेटले की, "क्यों भाईसाहब, उड़ी आपकी थैली?" त्यात ह्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. ग्रुपनं ठरवूनच टाकलं की बिचाऱ्याला आता दिसत नाही.

ह्यांनी सकाळचं फिरणं सोडलं. नुसते गॅलरीत बसायचे. एकदा मला म्हणाले, "काय गं, मी खरंच पाहिला असेल ना तो?"

आता हा माणूस असा की आयुष्यात रस्ता चुकला तरी कुणाला पत्ता विचारत नाही. तो मला विचारतो, मी पाहिलं का! मी म्हटलं, "तुम्ही पाहिलं म्हणता ना? मग पाहिलं. उद्यापासून जा आणि नीट फोटो काढून आणा. म्हणजे त्या चतुर्वेदीचं तोंड बंद होईल आणि तुमचं उघडेल."

झालं. हिवाळाभर हे नदीवर. पक्षी काही पुन्हा दिसेना. त्यातच एकदा चिखलात घसरले, मोबाईलची काच फुटली, गुडघा सोलवटला. केतकीनं रागानं कॅमेरा कपाटात ठेवला. इकडे मार्च संपत आलेला. उन्हं तापली की हे पाहुणे पक्षी उत्तरेला निघून जातात, मग थेट पुढच्या थंडीत. आणि आमच्या वयाची माणसं पुढच्या थंडीचं बुकिंग करत नाहीत.

"एकदाच," हे केतकीला म्हणाले. "एकदा बेटावर जाऊन बघतो. होडी ठरवतो."

"बाबा, बिल्कुल नाही."

"एकदाच गं."

केतकीनं विचार केला. "एका अटीवर. आई बरोबर जातील. आणि हे लास्ट!"

माझं मत कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी हो म्हटलं असतं. मलाही बघायचं होतं, हा माणूस रोज पहाटे उठून चिखलात जातो तो नेमकं काय बघायला जातो ते.

निघताना पहिली चकमक साडीवरून.

"ही पोपटी साडी नेसून येणार तू?" ह्यांनी डोळे मोठे केले. "पक्षी रंग बघून उडतात. मातकट काहीतरी नेस."

"मातकट साडी मला आजवर कुणी दिली नाही. देईल त्या दिवशी नेसेन." (पोपटी साडी विहीणबाईंनी, म्हणजे केतकीच्या आईनं दिलेली. मला कधीच आवडली नव्हती. म्हणूनच तर चिखलात न्यायला काढली होती.)

केतकीनं आपलं खाकी जाकीट माझ्या अंगात चढवलं, वरची दोन बटणं लावली आणि म्हणाली, "आई, साडी झाकली जातेय तेवढी बस्स." त्या जाकिटाला इतके खिसे होते की आरशात मी मला ओळखलं नाही. एखादा हवालदार रजेवर निघालेला.

होडीवाल्याचं नाव बनवारी. काठावर आम्हाला बघून त्याला प्रश्न पडला.

"बाबूजी, उस पार जाना है?"

"नहीं, बीच में. टापू पर."

"टापू पर क्या है?"

"चिड़िया देखनी है."

"देखनी है?" त्यानं माझ्याकडे पाहिलं. "बस, देखनी है?"

"बस देखनी है," मी म्हटलं. मलाही ते बोलताना जरा विचित्रच वाटलं.

यमुनेचं पाणी तिथे कसं आहे ते सांगत नाही. ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे, आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी जेवण झाल्यावर विचारावं. पण मधोमध गेलो तसा वास जरा कमी झाला. थंडीत पाणी उतरलं की तिथे वाळूचा एक उंचवटा वर येतो. झाड नाही, झुडूप नाही, माणूस नाही. लांबवर पुलावरून मेट्रो जाताना दिसत होती. म्हणजे अर्ध्या दिल्लीला आम्ही दिसत होतो आणि कुणाच्याही हाती लागण्यासारखे नव्हतो.

बनवारीनं होडीचं नाक वाळूत घुसवलं, एक बांबू ठोकला, त्याला दोर बांधला. म्हणाला, "अम्मा, इधर से उतरो."

मी तिकडून उतरले.

(का, ते विचारू नका. त्या बाजूला होडीची सावली होती.) पाय गुडघ्यापर्यंत चिखलात गेला. दुसरा पाय पहिल्याला सोडवायला गेला आणि तोही अडकला. मग मी बसले. म्हणजे मी ठरवून बसले नाही, पण बसले. यमुनेनं मला कमरेपर्यंत पोटात घेतलं.

दोघांनी ओढून बाहेर काढलं. हे म्हणाले, "लागलं का?" आणि उत्तराची वाट न बघता, "हळू बोल हं, पक्षी उडतील."

ह्यांनी नळकांडं सरसावलं, रांगत रांगत पुढे गेले आणि वाळूत पालथे झाले. बनवारी होडीत आडवा झाला, तोंडावर गमछा घेतला आणि लगेच घोरायला लागला. आणि मी उभी, नखशिखांत नाही पण निम्मी ओली.

आता इथे लक्ष द्या, कारण पुढचं सगळं रामायण इथूनच सुरू होतं. आमच्याकडे नदीकाठी ओलेत्यानं उभं राहत नाहीत. ते मर्तिकाचं काम. नवरा समोर वाळूत पालथा पडलेला आणि बायको नदीकाठी ओलेती! माझ्या सासूबाईंनी हे चित्र पाहिलं असतं तर तिथल्या तिथे पिठावर परात पालथी घातली असती, माणूस गेल्यावर घालतात तशी. त्यात त्या पाण्याचा वास. मी ठरवलं, साडी उतरवायची, पिळायची आणि वाळत घालायची. जाकीट लांब होतं, परकर जाड होता आणि एक पुरुष नळकांड्यात, दुसरा गमछ्याखाली.

पण वाळत घालायची कशावर? वाळूवर पसरली तर वाळू चिकटणार. मला वळण पाहिजे, कपडे वाळत घालायची दोरी. वळणाशिवाय माझं घर कधी चाललेलं नाही. रेल्वेच्या डब्यातसुद्धा मी वळण बांधलेलं आहे. इकडेतिकडे पाहिलं तर समोर दोर. चांगला जाड, लांब दोर, एका बांबूला बांधलेला, आणि दुसऱ्या टोकाला होडी, जी वाळूत रुतून बसली होती. मी मनात म्हटलं, हिला दोर कशाला? ही कुठे चाललीय?

मी दोर होडीकडून सोडला. दुसरं टोक बांधायला खांब हवा. होडीत दोन वल्ही पडली होती. त्यातलं एक हळूच उचललं (बनवारी घोरत होता), वाळूत खोल रोवलं, दोर ताणून बांधला. पक्कं वळण झालं! मग साडी पिळायला घेतली. ओल्या साडीला पीळ द्यायचा तर जोर लागतो, आणि जोराला टेकू लागतो. म्हणून मी एक पाय होडीच्या नाकावर टेकवला आणि रेटा देऊन पिळली. चांगली पिळली. घागरभर पाणी निघालं.

होडीनं तो रेटा लक्षात ठेवला, हे मला नंतर कळलं.

साडी वाळत घातली आणि डब्यावर हात ठेवून बसले. (डब्यात दशम्या होत्या. पिशवी, पाणी, दोघांचे फोन सगळं होडीत होतं, पण डबा मी कधी लांब ठेवत नाही.) बसल्या बसल्या बघायला लागले. आणि काय सांगू, बेट रिकामं नव्हतंच! पहिल्यांदा वाळूच हलल्यासारखी वाटली. मग नीट पाहिलं तर ते लिंबाएवढे पक्षी. पळायचे, थांबायचे, खाली बघायचे, पुन्हा पळायचे. चष्मा हरवलेल्या माणसासारखे.

मी रांगत ह्यांच्याजवळ गेले. "हे कोण हो?"

"चिखले," हे कुजबुजले. "तिकडचे बारके ते टिलवे."

"एवढेसे? हे कुठून येतात?"

"टिलवे सैबेरियातून. हिमालय ओलांडून."

"हा एवढासा? हिमालय?"

"हो."

"आणि हिमालय ओलांडून येतो कुठे, तर ह्या गटारात?"

"शू!"

"मध्ये कुठे उतरतात? रात्री झोपतात का उडताना? बायको बरोबर असते की पुढे जाते?"

"तू जरा गप्प बसशील का?"

मी गप्प बसले, पण डोकं थांबेना. मला साताऱ्याला जायचं तर आठ दिवस आधी पिशव्या भरायला लागतात. आणि हा लिंबाएवढा जीव, ना पिशवी, ना डबा! मग माझं लक्ष डावीकडे गेलं. तिथे उथळ पाण्यात एक उंच पक्षी होता. तो बाकीच्यांसारखा टोचत नव्हता. मान खाली घालून चोच पाण्यावरून डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवत चालला होता. केर काढावा तसा. आमच्या कामवालीला मी असा केर काढायला कित्येक वर्षं सांगतेय.

बघता बघता त्यानं मान वर केली. चोचीचं टोक वर वळलेलं!

म्हणजे म्हणून ती वाकडी! पाण्याच्या वरवर फिरवायला! सरळ असती तर चिखलात रुतली असती, माझ्या पायासारखी. मला इतका आनंद झाला की मी ह्यांच्या बरगडीत कोपर मारलं.

"डावीकडे! डावीकडे बघा! तुमची पॉलिथीन!"

ह्यांनी नळकांडं वळवलं.

"आहे ना गं?" ह्यांनी विचारलं. "तुलाही दिसतोय ना?"

"मला दिसतोय. दोन पाय, एक चोच, तीही वाकडी."

"जरा जवळ येऊ दे. हलू नकोस. एक अक्षर बोलू नकोस."

आणि तेव्हाच मी मागे वळून पाहिलं. होडी जागेवर नव्हती.

इथे मी सुरुवातीला सांगितलं तो प्रसंग आला. यमुना तिथे वाहते म्हणजे काय, आळोखेपिळोखे देते. होडी अगदी सावकाश चालली होती. माणूस वरातीत चालतो त्याहून हळू. आत बनवारी छातीवर हात घेऊन, गमछ्याखाली, थेट देवाघरी निघाल्यासारखा. ओरडावं तर पक्षी उडणार आणि हे जन्मभर पॉलिथीनवाले राहणार. न ओरडावं तर होडी जाणार आणि आम्ही उन्हात त्या बेटावर वाळणार, साडीच्या शेजारी. आणि खरं सांगू? मी ओरडले नाही ते सगळं काही ह्यांच्यासाठी नाही. तो पक्षी केर काढत काढत आमच्याकडेच येत होता, आणि चोच आत घातल्यावर नेमकं काय उचलतो ते मला बघायचं होतं!

पण कुणीतरी काहीतरी करायला हवं होतं. मी विचार केला, बनवारीला आवाज न करता उठवायचं. काहीतरी फेकून मारायचं. दगड तिथे नव्हते. माझ्याकडे दशम्या होत्या.

पहिली दशमी नेम धरून फेकली. पाण्यात पडली.

आता दिल्लीतल्या यमुनेवर थंडीत पांढरे कुरव, म्हणजे सीगल, येतात, ते तुम्हाला माहीत असतील. घाटावर लोक हात वर करून त्यांना शेव टाकतात. कुरवांना बाकी काही कळत नाही, पण वर गेलेला हात त्यांना मैलावरून कळतो. त्यांना बाईचा परकर दिसत नाही, होडी दिसत नाही, संसार बुडताना दिसत नाही. हात दिसतो!

दुसरी दशमी फेकायला हात वर केला आणि आभाळातून ते आले. एक आला, चार आले, मग मोजायची सोयच राहिली नाही. डोक्यावर, खांद्यावर, जाकिटाच्या खिशांवर! क्याँ क्याँ क्याँ! मी एका हातानं डबा धरलेला, दुसऱ्या हातानं दशमी, आणि गोल गोल फिरतेय. एकानं अंबाड्यात पाय अडकवला. तेवढ्यात मी दुसरी दशमी सोडली आणि ती, देव भलं करो, बरोबर बनवारीच्या छातीवर जाऊन पडली.

दशमीच्या मागे कुरव. सगळे.

बनवारी उठला तो किंचाळतच. "अरे मार डाला!" गमछा फिरवतोय, होडी डुगडुगतेय, पक्षी त्याच्यावर, तो पक्ष्यांवर. त्या गोंधळानं चिखले उडाले, टिलवे उडाले आणि उलट्या चोचीचा तोही उडाला. सरळ माझ्याच दिशेनं! माझ्या पोटापासून दोन हातांवरून पंख पसरून गेला. मला त्याचा डोळासुद्धा दिसला. ह्यांचं नळकांडं त्याच्यामागे फिरलं, खटखटखट आवाज झाला, आणि मग पक्षी नव्हता. लांब पुलाकडे एक ठिपका.

हे उठून बसले. कॅमेऱ्यात पाहिलं नाही. माझ्याकडेही पाहिलं नाही.

"उडवलास," एवढंच म्हणाले.

माझ्या डोक्यावर अजून एक कुरव होता. मी तोही उडवला.

तेवढ्यात पाण्यावरून हाक आली. "अम्मा! रस्सी किसने खोली?"

"रस्सी मेरे पास है!"

"आपके पास क्यों है?"

"साड़ी सूख रही है!"

त्यानं होडीत इकडेतिकडे पाहिलं. मग, "और मेरा दूसरा चप्पू?"

"वो भी मेरे पास है! खंबा किया है!"

बनवारी एका वल्ह्यानं जोर करायला लागला. एका वल्ह्यानं होडी कुठे जाते? ती स्वतःभोवती फिरते. तो फिरत फिरत लांब चालला आणि प्रत्येक फेरीत त्याचं तोंड आमच्याकडे आलं की एक वाक्य ऐकू यायचं. "मैंने चालीस साल में..." (फेरी.) "...ऐसी सवारी..." (फेरी.) पुढचं ऐकू आलं नाही ते बरंच झालं.

"दोर सोड!" हे अचानक उठले. "दोर सोड लवकर!"

दोर सोडला, टाकून पाहिला, कमी पडला. ह्यांनी साडीकडे पाहिलं. मी साडीकडे पाहिलं. विहीणबाईंची आठवण काढली आणि दोराला साडी बांधली, चांगली निरगाठ मारून. दुसऱ्या टोकाला वजन म्हणून डबा. ह्यांनी गुडघाभर पाण्यात उतरून डबा गरगरा फिरवला आणि सोडला. पहिल्यांदा पाण्यात. दुसऱ्यांदा होडीत, म्हणजे आधी बनवारीच्या पाठीत आणि मग होडीत. त्यानं दोर पकडला. आम्ही दोघांनी साडी ओढायला घेतली. खेच! खेच! लग्नानंतर आम्ही दोघांनी एकाच बाजूनं ओढलेली ही पहिलीच गोष्ट असेल. होडीचं नाक वाळूला लागलं आणि साडी टर्रकन मधोमध फाटली. आम्ही दोघं धाडकन मागे बसलो.

घरी परतताना अर्धी साडी लुंगीसारखी गुंडाळली आणि खांद्यावर बनवारीचा गमछा घेतला. सोसायटीच्या गेटवर गार्ड उठून उभा राहिला. बहुतेक त्याला ओळख पटली नव्हती.

केतकीनं दार उघडलं. वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आई, ही माझ्या आईनं दिलेली..."

"अर्धी आहे," मी म्हटलं.

हे आंघोळ करून गॅलरीत जाऊन बसले. चहा ठेवला तो तसाच. कॅमेरा टेबलावर पडलेला. केतकीनं तो उचलला, कॉम्प्युटरला जोडला आणि एकेक फोटो बघायला लागली. वाळू. वाळू. कुरवाची शेपटी. आभाळ. माझी टाच. आणि मग ती ओरडली, "बाबा! इकडे या!"

पक्षी होता. ठिपका नव्हे, पक्षी! पंख पूर्ण पसरलेले, काळ्या रेघा मोजून घ्याव्यात अशा स्पष्ट, डोळ्यात उजेड आणि चोच वर वळलेली, सुईसारखी. काळा-पांढरा पक्षी आणि त्याच्यामागे भडक लाल रंग. दृष्ट लागावी असा उठून दिसत होता.

"वॉव! मागे हा लाल रंग कसला?" केतकीनं विचारलं.

मी चष्मा लावला. "माझा परकर."

तिनं फोटो इकडून कापला, तिकडून कापला. पक्षी बरोबर परकराच्या मध्यावर. कितीही कापला तरी परकर यायचाच, आणि त्याची नाडीसुद्धा. आणखी कापला तर पक्ष्याचे पंख जात होते.

हे बराच वेळ फोटोकडे बघत राहिले. मग म्हणाले, "राहू दे. नको टाकूस ग्रुपवर. मला कळलं ना, मी पाहिला होता तो. पुरे."

"पुरे काय पुरे?" मी म्हटलं. "मी त्या पाण्यात बसले, साडी फाडली, डोक्यात कुरव घेऊन नाचले, ते काय तुम्ही गॅलरीत बसून 'पुरे' म्हणायला? पाठव गं तू!"

"आई, पण परकर..."

"स्वच्छ आहे. पाठव."

केतकीनं ह्यांच्या मोबाईलवरून पाठवला. आम्ही तिघं मोबाईलकडे बघत बसलो. बराच वेळ काही नाही. मग चतुर्वेदीजी.

"अद्भुत! भाईसाहब, मान गए. वही है. बधाई."

चहा गार झाला होता, तो हे तसाच सगळा प्याले. दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला गेले आणि तासभर उशिरा आले. पण ते नंतरचं. त्याआधी चतुर्वेदीजींचा आणखी एक मेसेज आला.

"पीछे ये लाल रंग का क्या है?"

ह्यांनी केतकीच्या हातातून मोबाईल घेतला. चष्मा नीट केला आणि एकेक अक्षर शोधत टाईप केलं, "स्थानीय प्रजाति. उड़ती नहीं. आवाज़ तेज़."

त्यावर ग्रुपवर हसरी तोंडं आली. ह्या वेळी सगळी माझ्यावर. ग्रुपमधल्या एका बाईनं तर विचारलं म्हणे, ही प्रजाती कुठे बघायला मिळते. ह्यांनी आमच्या फ्लॅटचा नंबर दिला.

तर त्या दिवशी बेटावर अडकलेल्यांपैकी वाचले ते एवढे: आमचे हे, मी, बनवारी आणि परकर.